मे महिन्याचं वीजबिल आणि चंद्रपूरचा कोळसा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचा दोन बेडरूमचा एक फ्लॅट डोळ्यासमोर आणा. माणसं चार, एसी दोन, गिझर एक, स्वयंपाक पाइप गॅसवर, दारात एक कार आणि एक स्कूटर. डिसेंबरचं वीजबिल १७० युनिटचं, मे महिन्याचं ३८० युनिटचं. बिल हातात आलं की नजर रुपयांवर जाते, मग स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार बघून थोडी चिडचिड होते आणि बिल भरलं जातं. हवामानाचा हिशेब करायचा असेल तर मात्र त्या कागदावरचा एकच आकडा लागतो: वापरलेले युनिट. बाकी काम गुणाकाराचं.

भारतातल्या वीजजाळ्यातलं एक युनिट तयार होताना सरासरी ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय वीज प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं. तो थोडा खाली-वर होतो, पण घरच्या हिशेबाला पाऊण किलो धरला तरी चालतं. पाइप गॅसच्या बिलावर एससीएम, म्हणजे प्रमाणित घनमीटर, लिहिलेलं असतं. एका एससीएममागे सुमारे २ किलो. सिलेंडर असेल तर १४.२ किलोच्या एका सिलेंडरमागे साधारण ४२ किलो. पेट्रोल लिटरला २.३ किलो, डिझेल लिटरला २.७ किलो, सीएनजी किलोला २.७ किलो. एवढे आकडे फ्रिजच्या दारावर चिकटवले की घराचा बराचसा हिशेब होतो.

इथे हमखास एक शंका निघते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा येईल? उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कार्बनच्या एका अणूचं वजन १२ धरलं, तर जळताना तो ऑक्सिजनचे १६-१६ चे दोन अणू बरोबर घेतो आणि बाहेर पडतो तो ४४ वजनाचा कण होऊन. म्हणजे जाळलेल्या दर किलो कार्बनमागे ३.६७ किलो वायू. धूर दिसो न दिसो, हे गणित बदलत नाही. पीयूसीच्या तपासणीत 'पास' झालेली गाडीही लिटरमागे तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडते, कारण ती तपासणी विषारी वायू आणि काजळीची असते.

आता त्या मे महिन्याच्या ३८० युनिटांकडे येऊ. त्यांचे होतात २७७ किलो. डिसेंबरच्या १७० युनिटांचे १२४ किलो. स्वयंपाकाचा गॅस महिन्याला १४ एससीएम धरला तर २८ किलो. म्हणजे ज्या शेगडीची ज्योत रोज डोळ्यांना दिसते तिच्यापेक्षा, जो कुठेच दिसत नाही तो विजेचा जाळ मे महिन्यात दसपट मोठा आहे.

तो जाळ पेटतो कुठे, तर बहुतांशी विदर्भात. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथून ७५२ किलोमीटर लांबीची, उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी थेट आपल्या ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळच्या पडघ्याला येते. दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॉट. नाशिक महामार्गावरून जाताना पडघ्याला जे मोठमोठे मनोरे दिसतात, ती एका अर्थाने कोळशाची वखारच. माल तेवढा तारेतून येतो. आपल्याकडच्या कोळशात राख फार, त्यामुळे एका युनिटला साधारण ०.७ किलो कोळसा लागतो. ३८० युनिट सगळेच्या सगळे कोळशातून आले असं धरलं, तर फ्लॅटच्या दारात ५०-५० किलोच्या पाच गोण्या उतरल्या आणि महिनाभरात जळून गेल्या. त्यातली ८०-९० किलो राख. प्रत्यक्षात कोयनेचं पाणी, तारापूरची अणुभट्टी, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प यांची वीज त्याच जाळ्यात मिसळते, म्हणून सरासरी पाऊण किलोच्या आसपास राहते. निव्वळ कोळशाचं युनिट किलोभराचं असतं.

याच मिसळीमुळे युनिट कोणत्या वेळी वापरलं यालाही थोडा अर्थ आला आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सातला सूर्य मावळलेला, लोक कामावरून परतलेले, एसी-टीव्ही-लिफ्ट सगळं एकदम सुरू. त्या वेळची तूट भरायला कोळशाचे संच चढवावे लागतात, कोयनेची जनित्रं फिरवावी लागतात. वॉशिंग मशीन आणि स्कूटरचं चार्जिंग दुपारी उरकणं जमत असेल तर जरूर करावं. जमत नसेल तर त्यासाठी घरात वाद घालण्याइतकं ते मोठं नाही.

त्याहून महत्त्वाची, आणि सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट ही, की वीज कशासाठी वापरली यावर तिचा हिशेब फार बदलतो. औष्णिक केंद्रात कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतून जेमतेम ३५ भाग वीज होते, उरलेली उष्णता शीतकरण मनोऱ्यातून आणि चिमणीतून निघून जाते. ती ३५ भाग वीज घरी आणून आपण गिझरमध्ये तिची परत उष्णताच करतो. म्हणजे उष्णतेची वीज आणि विजेची पुन्हा उष्णता, असा द्राविडी प्राणायाम.

हिशेब करून बघा. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ०.३५ युनिट लागतं. झाले २५० ग्रॅम. तीच बादली पाइप गॅसच्या गिझरवर तापवली तर ९० ग्रॅमच्या आसपास. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडणारा असेल आणि माणूस दहा मिनिटं त्याखाली उभा राहिला, तर बादल्या पाचाहून जास्त होतात. विजेवर सव्वा किलोहून अधिक, एका आंघोळीला. इंडक्शन शेगडीचंही तसंच. ती स्वतः गॅसच्या शेगडीपेक्षा बरीच कार्यक्षम आहे, भांड्याबाहेर उष्णता फारशी सांडत नाही, तरीही आजच्या वीजजाळ्यावर तोच भात शिजवायला पाइप गॅसच्या दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. इंडक्शनची बाजू घेणारी कारणं दुसरी आहेत: स्वयंपाकघरातली हवा स्वच्छ राहते, ज्योत नसते, आणि छतावर सौर पॅनेल आले की गणित उलटतं. पण 'विजेवर म्हणजे स्वच्छ' हे आपोआप खरं होत नाही.

गती हवी असेल तर मात्र बाजी विजेची. पेट्रोलचं इंजिन स्वतःच एक छोटं, गचाळ औष्णिक केंद्र असतं. इंधनातली बहुतेक उष्णता ते सायलेन्सर आणि इंजिनच्या अंगावाटे फेकून देतं. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरला ५१ ग्रॅम सोडते. विजेची स्कूटर, चार्जिंगमधली गळती धरून, १०० किलोमीटरला साडेतीन युनिट खाते असं मानलं तर किलोमीटरला २५-२६ ग्रॅम. कोळशाच्या विजेवर चालूनही निम्मं. बॅटरी बनवताना झालेलं उत्सर्जन वेगळं, ते काही हजार किलोमीटर चालल्यावर फिटतं. म्हणून महिन्यातून दोनदाच बाहेर निघणारी स्कूटर बदलण्यात अर्थ नाही, रोज ठाणे-ऐरोली करणाऱ्याने बदलण्यात आहे.

पाणी तापवण्याचा खरा तोडगा सोलर गिझर. ठाण्यात आणि नवी मुंबईत कितीतरी इमारतींच्या गच्चीवर तो बसवलेला असतो आणि त्यातले कितीतरी बंद असतात. कारणं ठरलेली. बोअरचं जड पाणी वापरलं की काचेच्या नळ्यांमध्ये क्षार साठतात आणि पाणी कोमट यायला लागतं. गच्चीपासून खाली येणाऱ्या पाइपावर उष्णतारोधक वेष्टन नसेल, किंवा ऊन-पावसाने गळून पडलं असेल, तर पाचव्या मजल्यावर पहिली बादलीभर पाणी थंडच येतं. लोक ते ओतून देतात, कंटाळतात आणि विजेचा गिझर लावतात. नळ्या वर्षातून एकदा साफ करणं, फुटलेली नळी लगेच बदलणं, वेष्टन नवं करणं आणि उंच इमारतीत गरम पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप सकाळी तासभर चालवणं, यात बहुतेक दुखणी जातात.

एसी हा मुद्दा सविस्तर घ्यावा लागेल, कारण आपल्या भागात उष्णतेपेक्षा दमटपणा जास्त छळतो. दीड टनाचा एसी म्हणजे साधारण सव्वापाच किलोवॉट दराने उष्णता खोलीबाहेर फेकणारं यंत्र. 'टन' हे वजन त्या यंत्राचं नव्हे. एक टन पाण्याचं २४ तासांत बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते त्यावरून ते माप आलं. यातली बरीच ताकद हवा गार करण्यात न जाता हवेतली वाफ पिळून काढण्यात जाते. ड्रेन पाइपाखाली रात्री बादली ठेवून बघा. सकाळी अर्धी भरलेली सापडेल. त्यातल्या दर लिटर पाण्यासाठी ०.६८ युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागली, आणि त्यासाठी चांगल्या एसीने अंदाजे ०.१७ युनिट वीज खाल्ली. जुलैत कपडे वाळत नाहीत म्हणून एसीच्या खोलीत दोरी बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. मशीनमधून पिळून आलेल्या कपड्यांतही दोन-तीन लिटर पाणी असतं. ते एसी वाळवतो, अर्धं युनिट घेऊन. त्याच कपड्यांवर बाल्कनीत ३० वॉटचा पंखा रात्रभर सोडला तर पाव युनिटात काम होतं.

तापमानाचं सांगायचं तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानुसार सेटिंग एक अंशाने वर नेलं की वीज सुमारे ६ टक्क्यांनी वाचते. २० च्या जागी २६ आणि डोक्यावर पंखा, म्हणजे एसीच्या विजेत जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. 'लवकर गार व्हावं म्हणून १६ वर लावतो' हे बरेच जण करतात. १६ लावल्याने खोली २६ ला जरा लवकर पोचलीच, तरी यंत्र तिथे थांबत नाही, खाली ओढतच राहतं, आणि रिमोट शोधून परत २६ करायच्या आधी झोप लागलेली असते. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा, घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या धुळीत तर दहा दिवसांनी. फिल्टर चोंदला की हवेचा झोत कमी होतो, आतल्या जाळीवर (कॉइलवर) बर्फ धरतो, खोली गार होत नाही, आणि मेकॅनिक बोलावला जातो. तो दाब मोजायचा गेज लावतो आणि म्हणतो, 'गॅस कमी आहे.'

इथून पुढचा भाग वीजबिलात कधीच दिसत नाही.

एसीतला गॅस हा स्वतःच हरितगृह वायू आहे, आणि भलताच जहाल. हल्लीच्या एसीतल्या आर-३२ चा एक किलो हवेत गेला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. आधीच्या पिढीतल्या आर-४१०ए चा आकडा २,०८८. जुन्या विंडो एसीतला आर-२२ सुमारे १,८०० च्या घरात. तुमच्या एसीत कोणता गॅस किती आहे हे आउटडोअर युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. समजा त्यावर आर-४१०ए, १.२ किलो असं आहे आणि तो सगळा गळून गेला. झाले अडीच टन. वर आपण धरलेल्या फ्लॅटची वर्षाची वीज ३,००० युनिट मानली तर तिचे होतात २.२ टन. म्हणजे एक गळती घराच्या वर्षभराच्या विजेहून भारी.

एसी हे बंद चक्र आहे. गॅस पेट्रोलसारखा 'संपत' नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गेलेला आहे. बहुतेकदा तांब्याच्या नळीच्या टोकाला जिथे पितळी नट आवळलेला असतो तिथून, किंवा आतल्या जाळीला पडलेल्या बारीक छिद्रातून. ठाण्याच्या खाडीला लागून आणि उघड्या नाल्यांच्या काठाला हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. तो तांबं काळं करतो आणि खातो. खाडीकाठच्या घरात जाळी दर दोन वर्षांनी गळत असेल तर दोष मेकॅनिकचाच असेल असं नाही. तिथे नवा एसी घेताना जाळीवर संरक्षक लेप आहे का ते विचारून घ्यावं.

गॅस भरण्याची बरोबर पद्धत अशी. आधी नायट्रोजन भरून दाब द्यायचा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतील तिथे दुरुस्ती करायची. मग व्हॅक्यूम पंप निदान २०-३० मिनिटं चालवून आतली हवा आणि ओल काढायची. नंतर सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस सोडायचा. या सगळ्याला दीड-दोन तास लागतात. पंधरा मिनिटांत फक्त गेज बघून 'मारलेला' गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच छिद्रातून गेलेला असतो, आणि तुम्ही परत पैसे भरता.

घर बदलताना तर हमखास घोटाळा होतो. एसी काढायचा असतो, घाई असते, नट सैल केला जातो, फुस्सकन आवाज येतो आणि संपलं. खरं तर गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडून नेता येतो: एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन चावीने बंद करायचा, मिनिटभरात कॉम्प्रेसर सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद. याला पंप डाऊन म्हणतात. शिफ्टिंगवाल्याला आधीच विचारा, 'पंप डाऊन करून काढणार ना?' या एका प्रश्नाने जेवढं वाचतं तेवढं चार्जरचं बटण जन्मभर बंद करून वाचणार नाही.

चार्जरचा विषय निघालाच आहे तर तोही उरकू. मोबाइल रोज चार्ज केला तरी वर्षाला ६-७ युनिट जातात. पाचएक किलो. बटण चालू राहिलेल्या मोकळ्या चार्जरचं तर वर्षाला युनिटभर. याउलट टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही दहाएक वॉट खात बसतो. वर्षाला ८८ युनिट, ६४ किलो. जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० वॉटचा. दिवसाला १५ तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला २० युनिट वाचतात. हॉल आणि झोपायच्या खोलीतले पंखे आधी, पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे.

घराबाहेर पण गेटच्या आत, म्हणजे सोसायटीच्या मीटरवर, कुणाचंच लक्ष नसतं. ते बिल मेन्टेनन्समध्ये विरघळून जातं. दोन मजली बेसमेंट पार्किंगमध्ये २० वॉटच्या २०० एलईडी ट्यूब चोवीस तास चालू असतील तर दिवसाला ९६ युनिट, महिन्याला २,८८०. म्हणजे दोन टनांहून जास्त, आणि तेही बहुतेक वेळ रिकाम्या गाड्यांना उजेड देण्यात. तीनातली एक ट्यूब कायम चालू आणि बाकीच्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर, अशी वायरिंग बदलली की वापर निम्म्याखाली येतो. सेन्सर वळणाच्या आधी बसवावा. वळणावर बसवला तर गाडी अंधारात वळते, लोक तक्रार करतात आणि वॉचमन सेन्सरला बगल देऊन ठेवतो.

पाण्याचा पंप बघा. १,००० लिटर पाणी विसाव्या मजल्याच्या वर, ६० मीटर चढवायला निव्वळ ०.१६ युनिट पुरावं. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर ०.३३. चार माणसांचं घर दिवसाला ६०० लिटर वापरत असेल तर महिन्याला सहा युनिट फक्त पाणी वर न्यायला. आकडा लहान, पण टाकी भरून वाहत असेल तर चढवलेलं पाणी आणि वीज दोन्ही गटारात. फ्लोट स्विच अडकणं हे त्याचं नेहमीचं कारण. सहा महिन्यांतून एकदा हाताने हलवून बघावा. सांडपाणी शुद्धीकरणाचे ब्लोअर मात्र वीज वाचवायच्या उत्साहात बंद करू नयेत. हवा थांबली की टाकीतले जिवाणू मरतात, वास सुटतो आणि मिथेन, हाही एक हरितगृह वायू, तयार व्हायला लागतो.

गच्चीवर सौर पॅनेल लावायचे तर एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी ४ युनिट असं धरावं. वर्षाला १,४०० युनिट, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. जागा मोजताना पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली डिसेंबरमध्ये, सकाळी नऊ आणि दुपारी चारला बघावी, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरची सावलीही त्या ओळीतल्या इतर पॅनेलची वीज पाडू शकते. बांधकाम चालू असलेल्या परिसरात सिमेंटची धूळ दवाने ओली होऊन काचेवर थर धरते. पंधरा दिवसांनी सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने धुवावं. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो. आणि कबुतरं. जाळी सुरुवातीलाच लावून घ्या, पॅनेलखाली घरटी झाल्यावर लावणं महाग पडतं.

गेटबाहेर पडलं की हिशेब एका प्रश्नाशी येतो: गाडीत माणसं किती? ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत २५ किलोमीटर, गर्दीत कार लिटरला १२ देते. येऊन-जाऊन महिन्याचे २२ दिवस धरले तर ९२ लिटर, २११ किलो. डिसेंबरच्या घरच्या विजेच्या दीडपटीहून जास्त, एकट्या माणसाच्या खुर्चीसाठी. तीच गाडी चौघांनी वाटून घेतली तर डोई ५३. लोकलला विजेवर चालूनही माणशी किलोमीटरला दहा ग्रॅमसुद्धा पडत नाहीत, कारण एका गाडीत हजारो माणसं असतात, लोखंडी चाकाला घर्षण कमी, आणि नव्या गाड्या ब्रेक लावताना काही वीज तारेत परत ढकलतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीला तीन वाफेची इंजिनं होती आणि ती कोळसा स्वतःबरोबर वाहून आणत होती. आजच्या लोकलचा कोळसा परगावी जळतो, इतकंच. पहाटेच्या गर्दीत लटकणाऱ्याला 'लोकलने जा, पर्यावरण वाचवा' असं सांगणं हा उद्धटपणा आहे. तो आधीच सगळ्यांत कमी उत्सर्जन करतो आहे, आणि त्याची किंमत खांद्यांनी देतो आहे.

घोडबंदर रोडच्या कोंडीत, गायमुखला किंवा कापूरबावडीला, इंजिन चालू ठेवून उभं राहणंही मोजता येतं. एसी चालू असेल तर उभी कार तासाला साधारण ०.७ लिटर पिते. रोज ४० मिनिटं अडकलात तर महिन्याला दहा लिटर, २३ किलो, एक मीटरही पुढे न सरकता.

विमानाचा एक आकडा पुरे. मुंबईहून दिल्लीला नुसतं जाणं खुर्चीमागे ९० किलोच्या आसपास. नवी मुंबईचा विमानतळ आता हाकेच्या अंतरावर आला, पण विमानतळ जवळ आल्याने दिल्ली जवळ येत नाही. जाऊन-येऊन प्रवास म्हणजे त्या घराचा सहा महिन्यांचा स्वयंपाक.

शेवटी डस्टबिन. ओला कचरा क्षेपणभूमीत ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही आणि बिनहवेचे जिवाणू त्याचा मिथेन करतात. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो. किलोभर ओल्या कचऱ्यामागे ढोबळमानाने किलोभर कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. घरातून महिन्याला १५-२० किलो जातो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या निम्म्याहून जास्त. उरलेला भात, सडलेली मेथी, आंब्याच्या साली.

खत केलं की हे टळतं, पण खताच्या डब्याला वास येत असेल तर टळलेलं नसतं: आत हवा पोचत नाही आणि तिथेही तेच बिनहवेचं काम सुरू झालेलं असतं. उपाय सोपा. दोन भाग ओल्या कचऱ्याला एक भाग सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दर दोन-तीन दिवसांनी वर-खाली करायचं, आणि मुठीत दाबून बघायचं; पाणी ठिबकलं तर सुकं आणखी घालायचं. करवंट्या आणि मोठी हाडं टाकू नयेत, ती महिनोन् महिने तशीच राहतात. गोम एकच आहे. पाला हवा असतो पावसाळ्यात आणि पडतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पर्जन्यवृक्षाची पानं झडतात तेव्हा झाडलोट करणाऱ्यांना ती जाळू न देता दहा-बारा गोण्या भरून जिन्याखाली, कोरड्या जागी ठेवायच्या. जुलैत सुका पाला विकतही मिळत नाही.